विवर्धकाची आखणी कोण करतो?

चातुर्मासात स्थानकात प्रवचन चालू असते. अनेक संप्रदायांतील साधू-साध्वी विद्युत-साधनांचा उपयोग करीत नाहीत. तेजस्कायाच्या जीवांची विराधना होऊ नये म्हणून ध्वनिक्षेपकाशिवाय, केवळ कंठबळावर ते शेकडो श्रोत्यांपर्यंत जिनवाणी पोहोचवतात. पुढच्या रांगेत वयोवृद्ध श्रावक-श्राविका बसलेल्या असतात आणि त्यांतील काहींच्या कानामागे शेंगदाण्याहून थोडे मोठे श्रवणयंत्र असते. सभागृहात ध्वनिवर्धक नाही. श्रोत्याच्या कानाशी मात्र तो आहे. साधूचा आचार आणि गृहस्थाचा आचार यांत अंतर असायचेच, आणि त्याची चर्चा जाणकारांनी वेळोवेळी केली आहे. येथे विचार करायचा आहे तो त्या यंत्राच्या पोटातील विवर्धकाचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा, आणि असे विवर्धक आखू लागलेल्या सॉफ्टवेअरचा.

ज्या घरात श्रवणयंत्र आहे तेथे तपकिरी स्टिकरचे ३१२ क्रमांकाचे बटण-सेल आणून देणे हे नातवंडांचे ठरलेले काम असते. स्टिकर काढला की हवेतील प्राणवायू आत शिरतो आणि सेल जागा होतो. त्याचा दाब अवघा १.४ व्होल्ट, आणि काही दिवस टिकायचे तर त्यातून साधारण एक मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घेता येतो. एवढ्या शिदोरीवर त्या यंत्राने काय करायचे? कुजबुजलेला शब्द मायक्रोफोनवर आदळला की त्यातून व्होल्टच्या एक लाखाव्या हिश्श्याइतका क्षीण संदेश निघतो. तो शेकडो पटींनी वाढवायचा. वाढवताना स्वतःची खरखर त्यात मिसळू द्यायची नाही. सेल उतरत चालला तरी आवाजात फरक पडू द्यायचा नाही. उन्हात, थंडीत, घामात वागणूक बदलायची नाही. आजची श्रवणयंत्रे डिजिटल आहेत हे खरे, तथापि मायक्रोफोन आणि अंकांचे जग यांच्यामधल्या उंबरठ्यावर आजही विवर्धकच उभा असतो. संदेश अंकांत बदलण्यापूर्वी तो बिघडला, तर पुढचे सारे गणित बिघडलेल्या मालावरच होते.

हे सर्किट कोण आखतो? गेली शंभर वर्षे त्याचे उत्तर एकच होते: अनुभवी अभियंता, त्याची वही आणि त्याचा हात. होकार-नकाराच्या भाषेत चालणारी डिजिटल सर्किटे संगणकाने केव्हाच आपल्या ताब्यात घेतली. विवर्धकाचे मात्र तसे झाले नाही. त्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. तेथे होय आणि नाही यांच्यामधली प्रत्येक छटा महत्त्वाची असते. आता तेही काम सॉफ्टवेअर करू लागले आहे, आणि ज्यांची मुले-मुली सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात, पुण्यात किंवा मुंबईत इलेक्ट्रॉनिक्स शिकत आहेत त्या घरांतून एक प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो: यंत्रच आखणी करणार असेल, तर या शिक्षणाचे पुढे काय? याचे उत्तर शोधायचे तर विवर्धक आखणे म्हणजे नेमके काय करणे, हे आधी पाहावे लागते.

गुणांचा सौदा

व्यापारी कुटुंबातील वाचकाला हे समजावणे तुलनेने सोपे आहे. माल उत्तम हवा, भाव कमी हवा, उधारी लांबची हवी आणि पोच उद्याच हवी, असे म्हणणारा गिऱ्हाईक प्रत्येक पेढीने पाहिलेला असतो. चारही गोष्टी एकदम मिळत नाहीत; कोठेतरी सोडावे लागते. विवर्धकाचेही असेच असते. आवाज अधिक पटींनी वाढवावा तर वेग घटतो. वेग वाढवावा तर सेल लवकर संपतो. खरखर कमी करावी तर पहिल्या ट्रान्झिस्टरला जास्त प्रवाह द्यावा लागतो. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकमेकींशी तंतोतंत जुळाव्यात असे वाटले तर त्यांचा आकार वाढवावा लागतो, आणि तेही महाग पडते: फिलिप्स कंपनीतील मार्सेल पेलग्रोम यांनी १९८९ साली मांडलेल्या नियमानुसार जुळणीतली चूक निम्मी करायची तर क्षेत्रफळ चौपट लागते.

या व्यवहारातला सर्वांत विलक्षण सौदा हॅरॉल्ड ब्लॅक यांनी केला. ते अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत अभियंते होते. लांब पल्ल्याच्या टेलिफोन-तारांवर एकामागून एक अनेक विवर्धक बसवावे लागत आणि प्रत्येकाची थोडी थोडी विकृती साठत जाऊन अखेरीस बोलणेच ओळखू येईनासे होई. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्यांना उपाय सुचला आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी तो टिपून ठेवला. उपाय असा, की गरजेपेक्षा खूप जास्त वाढवणारा विवर्धक बांधायचा आणि त्याच्या उत्पन्नातला ठराविक अंश उलट करून पुन्हा त्याच्याच दाराशी आणून द्यायचा. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

आकड्यांत पाहिले की त्याची किमया कळते. मूळ विवर्धक १०,००० पटींचा आहे आणि उत्पन्नाचा शंभरावा हिस्सा परत येतो, असे धरले तर प्रत्यक्ष वाढ उरते ९९ पटींची. उरलेले सारे सोडून दिले! पण काही वर्षांनी तोच विवर्धक जुना होऊन ५,००० पटींवर आला, तरी एकूण वाढ ९८ पटींची राहते. आतली शक्ती निम्मी झाली तरी बाहेर जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो. त्यागातून स्थैर्य येते हे आपल्या परंपरेतील वाचकाला सांगण्याची गरज नाही. पेटंट कार्यालयाला मात्र ते पटवून द्यावे लागले. १९२८ मध्ये केलेल्या अर्जाला मंजुरी मिळाली ती डिसेंबर १९३७ मध्ये. एवढी वाढ मिळवून ती फेकून देण्यात काय शहाणपण, असे तज्ज्ञांना वाटत राहिले.

या उपायाला एक धोका चिकटलेला आहे. परत आणलेला अंश वाटेत रेंगाळला आणि उशिरा पोहोचला, तर विरोध करण्याऐवजी तो साथ देऊ लागतो आणि विवर्धक स्वतःच गुणगुणू लागतो. श्रवणयंत्र कानात नीट न बसल्यास जी शिट्टी ऐकू येते तीही याच जातीची: कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. म्हणून वाढ, वेग, खर्च आणि खरखर यांच्या यादीत स्थैर्याचीही एक ओळ भरावी लागते.

आता आकार पाहा. पाठ्यपुस्तकांत शिकवला जाणारा दोन टप्प्यांचा साधा विवर्धक आठ ट्रान्झिस्टरांचा असतो. त्यांतील जोडीजोडीने सारखे ठेवायचे ते वजा केले तरी ठरवायच्या निदान दहा राशी उरतात: रुंदी, लांबी, प्रवाह, स्थैर्यासाठीचा कपॅसिटर. प्रत्येक राशीला केवळ वीस पर्याय धरले तरी एकूण विकल्प दहा लाख कोटींहून अधिक होतात. एकेक विकल्प तपासायला संगणकाला एक सेकंद लागला, तर सगळे तपासायला सव्वातीन लाख वर्षे पुरतील. ‘विकल्प’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. स्थानांगसूत्रात गणिताचे जे विषय सांगितले आहेत त्यांत क्रमचय-संचयासाठी हाच शब्द आहे, आणि राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त निवडींची संख्या काढण्याची सर्वसामान्य रीत दिली. संख्या किती मोठी होते हे आपल्या आचार्यांना ठाऊक होते. या अफाट संख्येतून अनुभवी अभियंता दहा-वीस प्रयत्नांत वाट काढतो, हेच त्याचे कौशल्य. सॉफ्टवेअरला गाठायचे होते ते हेच.

तपासनीस आला, मग आखणीकार

पहिली पायरी आखणीची नव्हती, तपासणीची होती. कागदावरचे सर्किट प्रत्यक्ष न बांधता कसे वागेल हे सांगणारा प्रोग्रॅम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात तयार झाला. रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातील प्रकल्पातून आधी ‘कॅन्सर’ या विचित्र नावाची प्रणाली निघाली. ते आद्याक्षरांचे नाव होते आणि त्यातील शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ होता ‘किरणोत्सर्ग वगळून’. त्या काळी अशा प्रोग्रॅमांना संरक्षण खात्याचा पैसा मिळे आणि अणुकिरणांच्या माऱ्यात सर्किट टिकेल का, हे तपासण्याची सोय त्यात असावी अशी अपेक्षा असे. बर्कलीच्या मंडळींनी नकार थेट नावातच घातला. पुढे लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यातून ‘स्पाइस’ घडवले. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत ते जगापुढे आले.

पेडरसन यांनी ते कोणालाही मुक्तपणे देण्याचे धोरण ठेवले. आज जगातील बहुतेक सर्किट-तपासनीस त्याच कुळातले आहेत. ज्याने विकून कमाई करता आली असती त्याने वाटून टाकले आणि संपूर्ण उद्योगाची बोलभाषा घडवली, हे उदाहरण व्यापाऱ्यांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तपासनीस हाताशी आल्यावर आखणीकार येणे क्रमप्राप्त होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमध्ये ‘आयडॅक’ आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘ओएसिस’ या प्रणाली आल्या. जाणकार अभियंता कोणत्या क्रमाने विचार करतो ते नियमांच्या रूपाने त्यांत भरलेले होते. ‘ओएसिस’च्या कर्त्यांत रमेश हरजानी हे भारतात शिकलेले अभियंते होते, त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल. पुढची तऱ्हा धातुशास्त्रातून आली. तापवलेला धातू सावकाश निवू दिला की त्यातील कण आपोआप सुव्यवस्थित बसतात. याच न्यायाने संगणकाने आरंभी वाईट बदलही अधूनमधून स्वीकारायचे आणि जसजसे ‘तापमान’ उतरेल तसतसे चोखंदळ व्हायचे, म्हणजे तो पहिल्याच बऱ्या उत्तरात अडकून पडत नाही. कार्नेगी मेलनमधील या परंपरेतून १९९८ साली ‘निओलिनिअर’ ही कंपनी निघाली आणि २००४ मध्ये ‘केडन्स’ने ती विकत घेतली.

गणिताच्या दृष्टीने सर्वांत देखणी वाट मात्र स्टॅनफर्डची होती. मारिया देल मार हर्शेनसन, स्टीफन बॉइड आणि थॉमस ली यांनी दाखवून दिले, की विवर्धकाचे नियम एका विशिष्ट साच्याच्या समीकरणांत बसवता येतात, आणि तसे बसवले की काही सेकंदांत सर्वोत्तम उत्तर निघते. त्याहून चांगले उत्तर असूच शकत नाही याची हमीसुद्धा मिळते. मागणी अशक्य असेल तर ती अशक्य आहे असेही ही पद्धत खात्रीने सांगते, जे हाताने काम करणारा अभियंता क्वचितच छातीठोकपणे सांगू शकतो. त्याहून रंजक भाग म्हणजे प्रत्येक अटीची ‘किंमत’ ती उत्तरासोबत देते: वेगाची अट एक टक्क्याने सैल केली तर विजेचा खर्च किती टक्क्यांनी उतरेल, खरखरीची अट सैल केली तर किती. कोणत्या ओळीवर घासाघीस करण्यात अर्थ आहे आणि कोणती ओळ फुकट सोडता येते, हे जणू सौद्याला बसण्यापूर्वीच कळते. या शोधावर १९९९ मध्ये ‘बार्सिलोना डिझाइन’ नावाची कंपनी उभी राहिली आणि काही वर्षांतच बंदही झाली. गणित चुकले नव्हते. पण सर्किटाची प्रत्येक नवी रचना आणि कारखान्याची प्रत्येक नवी प्रक्रिया त्या साच्यात पुन्हा बसवणे हेच मोठे काम होते, आणि चिपच्या कारखान्यांची प्रक्रिया तर दर दोन-चार वर्षांनी बदलते.

या साऱ्या प्रणाली माणसाने दिलेल्या रचनेतल्या मापांची निवड करीत. रचनाच नवी शोधण्याचे धाडस जॉन कोझा यांनी केले. हे गृहस्थ खरवडून पाहण्याच्या लॉटरी-तिकिटाचे एक जनक. द्यूत हे सप्तव्यसनांत मोजणाऱ्या घरांना ही ओळख फारशी रुचणार नाही, पण त्या धंद्याच्या कमाईने त्यांना संशोधनाचे स्वातंत्र्य दिले. त्यांची पद्धत जीवसृष्टीवरून घेतलेली होती. संगणकात वेडीवाकडी सर्किटे जन्माला घालायची, त्यातल्या त्यात बरी असतील त्यांचा संकर करायचा, अधूनमधून एखादा भाग यदृच्छेने बदलायचा, आणि पिढ्यानुपिढ्या हे चालू ठेवायचे. प्रत्येक सर्किटाची परीक्षा ‘स्पाइस’ घेई. १९९९ पर्यंत त्यांनी यासाठी एक हजार संगणकांचा ताफा उभारला होता. पूर्वी पेटंट मिळालेल्या अनेक रचना या रीतीने पुन्हा अवतरल्या, आणि कोझा यांनी जी यादी प्रसिद्ध केली तीत निगेटिव्ह फीडबॅकचीही नोंद आहे. तज्ज्ञांना वर्षानुवर्षे न पटलेला तो त्याग यंत्राला कोणी न सांगता सापडला.

लिहिले तेवढेच

एवढे वाचून वाटेल, की मग अभियंत्याचे काम संपलेच. येथे १९९६ मधील एक प्रयोग ध्यानात घेण्यासारखा आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी पुन्हा पुन्हा घडवता येणाऱ्या एका चिपवरील शंभर खणांना उत्क्रांतीच्या हवाली केले. काम विवर्धनाचे नव्हते, दोन सूर ओळखण्याचे होते: एक किलोहर्ट्झचा आणि दहा किलोहर्ट्झचा. हजारो पिढ्यांनंतर चिप ते अचूक करू लागली. उघडून पाहिले तर काही खण कशालाच जोडलेले नव्हते, तरी ते बंद केले की काम बिघडे. आणि खोलीचे तापमान बरेच बदलले की सारेच ढासळे. यंत्राने चूक केली नव्हती. ‘थंडीतही चालले पाहिजे’ असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याने त्याच चिपच्या, त्याच खोलीतल्या खोडी हुडकून कामाला लावल्या होत्या.

मापे निवडणारी सॉफ्टवेअरे याच जातीचा शिरस्तेदारपणा करतात. तपासनिसाच्या गणितात ट्रान्झिस्टरचे वर्णन एखाद्या कोपऱ्यात थोडे कच्चे असेल, तर आखणीकार नेमका तोच कोपरा गाठतो, कारण तेथे गुण स्वस्तात मिळतात. विजेचा खर्च कमी करा म्हटले की तो करतो. पण सेल १.१ व्होल्टपर्यंत उतरल्यावर काय होईल, ही ओळ मागणीपत्रात नसेल तर त्याची त्याला पर्वा नसते. म्हणून आज व्यवहारात प्रत्येक उमेदवार सर्किट अनेक टोकांच्या परिस्थितींत तपासले जाते: कारखान्यातून आलेला वेगवान माल आणि मंद माल, जास्त दाब आणि कमी दाब, मोटारींसाठी असेल तर उणे ४० पासून १२५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान. शिवाय ट्रान्झिस्टरांच्या जोड्यांत यदृच्छेने फरक टाकून शेकडो वेळा परीक्षा. या टोकांची यादी माणूस करतो.

मागणीपत्रात न बसणाऱ्या गोष्टीचे सर्वांत चांगले उदाहरण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचा माल विकणाऱ्या कोणत्याही दुकानदाराच्या खणात आजही पडलेले असते. ७४१ ही आठ पायांची चिप १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी आखली. त्याआधी बॉब विडलर यांच्या प्रतिभेतून उतरलेले विवर्धक बाजारात होते आणि ते उत्तम होते. पण ते गुणगुणू नयेत म्हणून वापरणाऱ्याने बाहेरून कपॅसिटर जोडावा लागे, आणि तो किती असावा हे समजणारे थोडे होते. फुलागर यांनी ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच बसवला. त्यासाठी सिलिकॉनची जागा खर्ची पडली आणि ज्यांना अधिक वेग हवा होता त्यांची सोय गेली. कागदावरच्या गुणांचीच बेरीज करणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरने हा बदल नापसंत केला असता. पण सर्वसामान्य तंत्रज्ञाला तो जोडला की चालतो, हे कळले आणि ७४१ घरोघरी पोहोचली. गिऱ्हाईक आपली खरी अडचण नेहमी शब्दांत सांगतोच असे नाही. फुलागर यांनी ती न सांगता ओळखली.

तरुणांच्या भवितव्याचा प्रश्न येथेच येऊन भिडतो. मापे जुळवत दिवसेंदिवस बसण्याचे काम कमी होत जाईल, यात शंका घेण्याचे कारण नाही. २०२० च्या सुमारास बर्कली आणि एमआयटी येथील संशोधकांनी अनुभवातून शिकणाऱ्या प्रणालींना हे काम शिकवले आहे. सिलिकॉनवर भाग प्रत्यक्ष कोठे ठेवायचे, जोड्या समोरासमोर कशा बसवायच्या, ही किचकट मांडणीही आता यंत्राकडे सोपवता येते. अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था ‘डार्पा’च्या साहाय्याने मिनेसोटा विद्यापीठ, टेक्सास ए अँड एम विद्यापीठ आणि इंटेल यांनी मिळून ‘अलाइन’ ही प्रणाली तयार केली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. तिच्या कर्त्यांत आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी सचिन सापटणेकर आहेत आणि रमेश हरजानीही आहेत, म्हणजे ‘ओएसिस’पासून ‘अलाइन’पर्यंत तीस वर्षे त्याच प्रश्नाशी झुंज. एवढा काळ लागला यावरूनच प्रश्नाच्या खोलीचा अंदाज यावा.

उरते ते मागणीपत्र. कोणती ओळ लिहायची, कोणती अट सैल सोडायची, यंत्राने दिलेले उत्तर संशयास्पद का वाटते, हे ज्याला सांगता येते तोच पुढे टिकेल; आणि हे सांगता येण्यासाठी विवर्धक हाताने आखलेला असावा लागतो. चिपच्या धंद्यात माल परत घेण्याची सोय नसते. कारखान्यात पाठवायच्या छाप्यांच्या एका संचाचा खर्च प्रक्रियेनुसार लाखोंपासून कोट्यवधी रुपयांपर्यंत जातो आणि त्या कागदावर सही सॉफ्टवेअरची नसते. ज्या पालकांना वाटते की आता मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स शिकण्याऐवजी नुसते सॉफ्टवेअर चालवायला शिकले तरी भागेल, त्यांचा हिशेब येथे चुकतो.

शिकायला लागणारी साधने पूर्वी मूठभर कंपन्यांच्या कपाटात असत. ती आता मोकळी झाली आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांसाठी घडवले आहे. त्याच्या पोटात ‘एनजी-स्पाइस’ आहे, म्हणजे पेडरसन यांनी वाटून टाकलेल्या त्याच प्रणालीचा वंशज. गूगल आणि स्कायवॉटर यांनी २०२० मध्ये १३० नॅनोमीटर प्रक्रियेची सारी मापे खुली केली, त्यामुळे खऱ्या कारखान्याच्या ट्रान्झिस्टरवर सराव करता येतो. आरंभ करणाऱ्याने आधी दोन टप्प्यांचा विवर्धक वहीवर आखावा, मापे हाताने काढावीत, सिम्युलेटरकडून तपासून घ्यावीत आणि नंतरच तीच मागणी एखाद्या स्वयंचलित आखणीकाराला देऊन दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी ठेवावीत. फरक कोठे पडला आणि यंत्राने कोणत्या न लिहिलेल्या ओळीचा फायदा घेतला, हे शोधायला एक रविवार पुरत नाही. साध्या लॅपटॉपवर एका सर्किटाची एक तपासणी मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊन जाते.